प्रश्नमंजूषा स्पर्धा

प्रश्नमंजूषा स्पर्धा : विविध ज्ञानशाखांतील माहितीवर आधारलेल्या प्रश्नांची नियत वेळात तोंडी उत्तरे देऊन अधिक गुण मिळविण्यासाठी दोन वा अधिक संघांत श्रोत्यांसमक्ष होणारी चढाओढ. ‘मंजूषा’ म्हणजे पेटी. त्यावरून प्रश्नांची पेटी असा या मराठी संज्ञेचा अर्थ होतो. हिंदीत ‘प्रश्नोत्तरी’ व ‘प्रश्नमंच’ हे शब्द रूढ आहेत. इंग्रजीतील ‘क्विझ’ या शब्दाची व्युत्पत्ती निश्चित नाही. डब्लिन येथील एका नाट्यगृहाचा चालक रिचर्ड डेली याने १७९१ मध्ये एक निरर्थक शब्द एका दिवसात सर्वतोमुखी करून दाखविण्याची पैज मारली आणि शहरातील भिंतीभिंतींवर हा शब्द लिहविला, अशी आख्यायिका आहे. परंतु विक्षिप्त व्यक्ती या अर्थी हा शब्द १७८२ मध्येच वापरलेला आढळत असल्याने ती ग्राह्य धरता येत नाही. ज्ञानाची तोंडी परीक्षा हा अर्थ त्यास एकोणिसाव्या शतकात प्राप्त झाला.

लेखी परीक्षा, वादविवाद व प्रश्नमंजूषा हे तीन प्रकार परस्परांना जवळचे असले, तरी त्यांत मूलतः भेद आहे. परीक्षेत प्रत्येक जण एकटा लिहितो आणि निकाल मागाहून कळतो. वादविवादात प्रश्नाला एकच एक उत्तर नसते. तेथे युक्तिवादाचे बळ पाहिले जाते. प्रश्नमंजूषेत उत्तर आधीच ठरलेले असते, संघातील सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून ते द्यावयाचे असते आणि निर्णय सर्वांसमक्ष तत्काळ होतो. त्यामुळे काय विचारण्याजोगे आहे आणि कोणते उत्तर बरोबर आहे, हे ठरविणाऱ्याकडे या स्पर्धेत मोठा अधिकार जातो. हा अधिकार कोणाकडे असावा, तो कोणत्या भाषेतून वापरला जावा आणि त्यावर कोणते बंधन असावे, हे प्रश्न या स्पर्धेच्या इतिहासात वारंवार उपस्थित झाले आहेत. औरंगाबाद (२०२३ पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर) व मराठवाडा या प्रदेशाच्या संदर्भात ते विशेष लक्षणीय ठरतात. कारण या प्रदेशात प्रश्नोत्तरांच्या चढाओढीची जुनी परंपरा अनेक भाषांतून नांदत असताना आधुनिक प्रश्नमंजूषा मात्र बाहेरून, मुख्यतः इंग्रजीच्या द्वारे आली.

प्राचीन परंपरा : भारतात ज्ञानविषयक प्रश्नांची जाहीर चढाओढ वैदिक काळापासून आढळते. अश्वमेधाच्या विधीत ऋत्विज परस्परांना गूढ प्रश्न विचारीत व त्यांची उत्तरे देत. या प्रश्नोत्तरांस ‘ब्रह्मोद्य’ अशी संज्ञा असून वाजसनेयी संहितेच्या तेविसाव्या अध्यायात त्यांचा अंतर्भाव आहे. बृहदारण्यकोपनिषदात विदेहराज जनकाने सर्वश्रेष्ठ ब्रह्मज्ञासाठी एक हजार गाई पारितोषिक म्हणून ठेवल्याची कथा आहे. त्या सभेत याज्ञवल्क्याला अनेकांनी प्रश्न विचारले व त्यांत गार्गी वाचक्नवी ही विदुषीही होती. महाभारताच्या वनपर्वातील यक्षप्रश्नांत चुकीच्या वर्तनाची शिक्षा प्राणहानी व योग्य उत्तरांचे फळ बंधूंचे पुनरुज्जीवन असा प्रसंग रचलेला आहे. गणितज्ञ ब्रह्मगुप्त (सातवे शतक) यानेही विद्वानांच्या सभेत गणिती प्रश्न मांडणाऱ्याची व सोडविणाऱ्याची प्रशंसा केली आहे.

या संदर्भात मिलिंदपञ्हो (मिलिंदप्रश्न) या पाली ग्रंथाचे महत्त्व विशेष आहे. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील इंडो-ग्रीक राजा मीनांडर अथवा मिलिंद आणि बौद्ध भिक्षू नागसेन यांच्यातील प्रश्नोत्तरे त्यात ग्रथित केलेली आहेत. संवादाच्या प्रारंभी नागसेन एक अट घालतो : राजाने पंडिताप्रमाणे चर्चा करावी, राजाप्रमाणे नव्हे. पंडितांच्या चर्चेत मुद्द्याची उकल होते, खंडन होते, चूक दाखविली जाते व ती मान्यही केली जाते. पण त्यावरून कोणी रागावत नाही. राजे मात्र एक मत मांडतात आणि त्यास विरोध करणाऱ्यास दंड करतात. मिलिंद ही अट मान्य करतो. ज्ञानाच्या चढाओढीत अधिकार कसा वापरावा, याचे इतके स्पष्ट विवेचन प्राचीन वाङ्मयात क्वचितच आढळते.

या ग्रंथाची स्मृती औरंगाबाद शहराच्या भूगोलातच कोरली गेली आहे. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. त्यास पुढे ‘मिलिंद महाविद्यालय’ असे नाव देण्यात आले आणि त्याचा परिसर ‘नागसेनवन’ या नावाने ओळखला जाऊ लागला. ज्यांच्या पूर्वजांना प्रश्न विचारण्याचा अधिकारच नाकारण्यात आला होता, अशा विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या प्रश्न विचारणाऱ्या राजाच्या व उत्तर देणाऱ्या भिक्षूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या परिसरात शिकल्या, ही गोष्ट अर्थपूर्ण होय.

शहराच्या दक्षिणेस गोदातीरी असलेले पैठण (प्राचीन प्रतिष्ठान) हे संस्कृत विद्येचे केंद्र म्हणून प्रसिद्ध होते. तेथील पंडितांच्या सभेचे धर्मविषयक निर्णय दूरवर मानले जात. शास्त्रार्थाच्या या परंपरेत पांडित्य मोठे असले, तरी सभेत बसण्याचा अधिकार जन्माने मर्यादित होता. संन्याशाची मुले म्हणून बहिष्कृत ठरलेल्या ज्ञानेश्वरादी भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागले, ही परंपरागत कथा त्या मर्यादेची साक्ष देते. त्यामुळे सांघिक व सर्वांस खुल्या स्पर्धेचे पूर्वरूप शास्त्रार्थापेक्षा लोकपरंपरेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

कलगी-तुरा, भेंड्या व बैतबाजी : मराठी शाहिरीतील कलगी-तुरा हा सांघिक प्रश्नोत्तरांचा सर्वांत विकसित देशी प्रकार म्हणता येईल. कलगीवाले शक्तीला व तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानणारे. या दोन पक्षांचे फड समोरासमोर उभे राहून डफ-तुणतुण्याच्या साथीवर रात्ररात्र सवाल-जवाब करीत. या लावण्यांना ‘भेदिक’ असे म्हणतात, कारण त्यांतील कूट भेदून अर्थ काढावा लागतो. प्रश्न पुराणांतील कथा, अध्यात्म, देहतत्त्वे, संख्यासंकेत इत्यादींवर असत. मुख्य शाहिराने सवाल टाकावा, झीलकऱ्यांनी तो उचलून धरावा आणि प्रतिपक्षाने त्याच चालीवर जवाब द्यावा, अशी रीत होती. उत्तर न आल्यास मानचिन्ह गमवावे लागे, असे सांगतात. येथे निर्णय देणारा निराळा अधिकारी नसे. उत्तर पटले की नाही, हे बहुधा जाणकार श्रोतेच ठरवीत. अनेक शाहीर औपचारिक शिक्षणापासून वंचित असलेल्या जातींतून आलेले होते, परंतु पाठांतर व बहुश्रुतता यांच्या बळावर ते मोठमोठ्या समुदायांपुढे आपली विद्या सिद्ध करीत.

भेंड्या हा याहून सौम्य व घरगुती प्रकार. दोन गटांपैकी एकाने म्हटलेल्या श्लोकाच्या वा कवितेच्या अंत्याक्षराने आरंभ होणारा श्लोक दुसऱ्याने म्हणावयाचा असतो. ठरावीक वेळात तो न सुचल्यास ‘भेंडी चढते’. शालेय शिक्षणात पाठांतराचा सराव म्हणून भेंड्यांचा उपयोग दीर्घकाळ होत आला. उर्दूतील ‘बैतबाजी’चे तत्त्वही हेच असून तीत शेर म्हटले जातात. वली व सिराज औरंगाबादी यांसारख्या दख्खनच्या प्रारंभीच्या उर्दू कवींशी निगडित असलेल्या औरंगाबादला उर्दूचा मोठा वारसा आहे. उर्दूच्या अभिवृद्धीसाठी कार्य करणाऱ्या अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे मुख्य कार्यालय मौलवी अब्दुल हक यांच्या कारकीर्दीत १९३८ पर्यंत याच शहरात होते. उर्दू माध्यमाच्या शाळा-महाविद्यालयांतून बैतबाजीच्या सांघिक स्पर्धा आजही भरविल्या जातात.

या तिन्ही प्रकारांची दोन समान वैशिष्ट्ये ध्यानात घेण्यासारखी आहेत. त्यांत स्पर्धकांची व श्रोत्यांची भाषा एकच असते, आणि ज्या साहित्यातून प्रश्न येतात ते साहित्य दोन्ही पक्षांच्या मुखी असते. आधुनिक प्रश्नमंजूषेत या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत.

आधुनिक स्पर्धेचा उगम : नभोवाणीच्या प्रसाराबरोबर १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत प्रश्नोत्तरांचे कार्यक्रम लोकप्रिय झाले. महाविद्यालयीन संघांची पहिली महत्त्वाची स्पर्धा ‘कॉलेज बोल’ ही होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या मनोरंजनासाठी योजलेल्या एका खेळावरून डॉन रीड याने ती सिद्ध केली. ऑक्टोबर १९५३ मध्ये तिचे नभोवाणीवरील प्रसारण सुरू झाले. ॲलन लडन हा तिचा प्रश्नकर्ता होता. १९५९ ते १९७० या काळात ती दूरचित्रवाणीवर होत असे. चार जणांचे दोन संघ, प्रथम घंटी वाजविणाऱ्यास संधी देणारा दहा गुणांचा आरंभप्रश्न आणि त्याचे उत्तर बरोबर आल्यास केवळ त्याच संघाला मिळणारे जादा गुणांचे प्रश्न, ही तिची रचना पुढे अनेक देशांत अनुकरणीय ठरली. याच सुमारास अमेरिकेतील मोठ्या बक्षिसांच्या काही वैयक्तिक प्रश्नोत्तर-कार्यक्रमांत स्पर्धकांना उत्तरे आधीच पुरविली जात असल्याचे उघड झाले. १९५९ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे त्याची चौकशी झाली व पुढील वर्षी असे प्रकार कायद्याने दंडनीय ठरविण्यात आले. प्रश्नांची गुप्तता हा स्पर्धेच्या विश्वासार्हतेचा पाया आहे, हे या प्रकरणाने अधोरेखित केले.

ब्रिटनमध्ये ‘कॉलेज बोल’च्या धर्तीवर ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ ही स्पर्धा ग्रॅनडा दूरचित्रवाणीने सप्टेंबर १९६२ मध्ये सुरू केली. बॅम्बर गॅस्कॉइन हे १९८७ पर्यंत तिचे प्रश्नकर्ते होते. १९९४ मध्ये बीबीसीने ती पुन्हा सुरू केली. त्या वेळेपासून जेरेमी पॅक्समन यांनी व २०२३ पासून मूळ भारतीय वंशाचे अमोल राजन यांनी ही धुरा सांभाळली. या स्पर्धेच्या इतिहासात १९७५ मधील एक घटना गाजली. ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांतील प्रत्येक महाविद्यालयाला स्वतंत्र संघ पाठविता येत असे. अन्य विद्यापीठांना मात्र प्रत्येकी एकच. या पक्षपाताचा निषेध म्हणून मँचेस्टर विद्यापीठाच्या संघाने जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला ‘मार्क्स’, ‘लेनिन’, ‘ट्रॉट्स्की’ किंवा ‘चे गव्हेरा’ असे उत्तर दिले. हरणे पत्करून स्पर्धेच्या नियमांवरच प्रश्न उपस्थित करण्याचे हे उदाहरण होय. स्पर्धेत कोणाला किती संधी मिळते, हाही गुणवत्तेइतकाच निर्णायक घटक असतो, ही जाणीव त्यामुळे व्यापक झाली.

भारतातील प्रसार : भारतात खुल्या प्रश्नमंजूषेचा प्रारंभ कलकत्ता (आताचे कोलकाता) येथे झाला. नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये तेथील ‘ख्राइस्ट द किंग’ चर्चच्या सभागृहात पहिली औपचारिक स्पर्धा घेतली, असे मानतात. हैदराबाद येथे १९७२ मध्ये ‘के-सर्कल’ हे प्रश्नमंजूषा-मंडळ आणि बंगलोर (आताचे बंगळूरू) येथे १९८३ मध्ये ‘कर्नाटक क्विझ असोसिएशन’ स्थापन झाले. शालेय संघांसाठीची ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ १९७२ मध्ये सुरू झाली. आरंभी ती निरनिराळ्या शहरांतून प्रत्यक्ष घेतली जाई व नंतर नभोवाणीवरून प्रसारित होऊ लागली. तिचे सूत्रसंचालन प्रथम हमीद सयानी व त्यांच्या निधनानंतर १९७५ पासून त्यांचे बंधू अमीन सयानी यांनी केले. १९९२ मध्ये ती दूरचित्रवाणीवर आली, तेव्हा नील ओब्रायन यांचे पुत्र डेरेक ओब्रायन हे प्रश्नकर्ते झाले. दूरदर्शनवर १९८५ मध्ये सिद्धार्थ बसू यांनी सादर केलेल्या ‘क्विझ टाइम’ या आंतरमहाविद्यालयीन कार्यक्रमामुळे हा प्रकार घरोघरी पोहोचला. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘कौन बनेगा करोडपती’ या कार्यक्रमाने तो हिंदीत व पुढे अन्य भारतीय भाषांत रुजविला. परंतु तो वैयक्तिक स्वरूपाचा, पर्यायी उत्तरांचा व मोठ्या रकमेचा असल्याने सांघिक विद्यार्थिस्पर्धेच्या परंपरेहून भिन्न आहे.

या विस्ताराचे एक वैशिष्ट्य असे, की त्याची प्रमुख केंद्रे मोठ्या शहरांतील इंग्रजी माध्यमाच्या शाळा व नामांकित महाविद्यालये ही होती. प्रश्न इंग्रजी साहित्य, पाश्चात्त्य संगीत, चित्रपट, क्रीडा व व्यापारचिन्हे यांकडे झुकलेले असत. अशा प्रश्नांत बुद्धिमत्तेबरोबरच घरातील पुस्तके, नियतकालिके व वर्तुळ यांचीही परीक्षा होते. लहान गावांतून व भारतीय भाषांतून शिकलेल्या विद्यार्थ्यांना ही स्पर्धा परकी वाटली, तर त्याचे कारण त्यांच्या अज्ञानात नव्हे, तर प्रश्नांच्या निवडीत शोधावे लागते.

मराठवाड्यातील विद्यापीठीय स्पर्धा : या निवडीचा परिणाम मराठवाड्यात का जाणवला, हे समजण्यासाठी तेथील शिक्षणाचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत हा प्रदेश निजामी राजवटीखाली होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम होते. भारतीय भाषेतून आधुनिक शास्त्रे शिकविण्याचा तो धाडसी प्रयोग होता. तथापि बहुसंख्य मराठी भाषकांच्या दृष्टीने उर्दू ही घरची भाषा नव्हती. औरंगाबाद येथे १९२३ पासून शासकीय महाविद्यालय होते. परंतु उच्च शिक्षणासाठी बहुतेकांना हैदराबादची वाट धरावी लागे. मराठी माध्यमातील शिक्षणाचा भार सरस्वती भुवनसारख्या खाजगी संस्थांनी वाहिला. विलीनीकरणानंतर थोड्याच काळात विद्यार्थ्यांना इंग्रजी, हिंदी व मराठी या भाषांशी नव्याने जुळवून घ्यावे लागले.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठाचे उद्‌घाटन झाले, एस. आर. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू होते. त्यापाठोपाठ देवगिरी महाविद्यालय, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (दोन्ही १९६०) व मौलाना आझाद महाविद्यालय (१९६३) यांच्या स्थापनेने शहरात निरनिराळ्या सामाजिक व भाषिक पार्श्वभूमीचे विद्यार्थी एकत्र आले. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना आवश्यक असलेली भूमी अशा प्रकारे तयार झाली. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचे नाव ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे झाले. त्याच वर्षी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) हे चार जिल्हे या विद्यापीठाच्या क्षेत्रात राहिले.

विद्यापीठीय प्रश्नमंजूषेचे मुख्य व्यासपीठ युवक महोत्सव हे होय. स्वतंत्र भारतातील पहिला आंतरविद्यापीठीय युवक महोत्सव १९५४ मध्ये नवी दिल्ली येथे झाला. पुढे या उपक्रमात खंड पडला. १९८० नंतरच्या दशकात भारतीय विद्यापीठ संघाने तो पुन्हा सुरू केला. संगीत, नृत्य, नाट्य, ललित कला व वाङ्मय असे महोत्सवाचे विभाग असून वाङ्मय विभागात वक्तृत्व व वादविवाद यांच्या जोडीला प्रश्नमंजूषेचा समावेश आहे. संघात तीन विद्यार्थी असतात. विद्यापीठाच्या केंद्रीय महोत्सवातून पुढे विभागीय व राष्ट्रीय पातळी अशी चढती श्रेणी असून महाराष्ट्रातील विद्यापीठे पश्चिम विभागात मोडतात. या व्यवस्थेचा मोठा लाभ असा, की तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाचा संघही शहरी महाविद्यालयाच्या संघासमोर समान नियमांखाली बसतो. ‘क्विझ टाइम’सारख्या कार्यक्रमांत केवळ प्रेक्षक असलेला विद्यार्थी येथे स्पर्धक होतो.

स्पर्धेची रीत : संघ अनेक असल्यास प्रथम लेखी चाळणी फेरी घेतात व सर्वाधिक गुण मिळविणारे सामान्यतः सहा ते आठ संघ अंतिम फेरीसाठी निवडतात. अंतिम फेरीत थेट प्रश्न, दृक्‌श्राव्य प्रश्न, बझर फेरी व शीघ्रप्रश्न फेरी असे भाग असतात. थेट प्रश्नाचे उत्तर न आल्यास तो पुढील संघाकडे जातो. यात एक दोष संभवतो : दुर्बल संघाच्या लगेच पुढे बसलेल्या संघाला सुटलेले प्रश्न अधिक मिळतात आणि केवळ आसनक्रमामुळे त्याचा लाभ होतो. तो टाळण्यासाठी ज्या संघाने उत्तर दिले, त्याच्या पुढील संघापासून नवा प्रश्न सुरू करणे व अर्ध्या फेरीनंतर प्रश्न उलट दिशेने फिरविणे, अशा पद्धती योजण्यात आल्या. ‘पाउन्स’ या पद्धतीत प्रश्न कोणत्याही संघाचा असो, इतर संघांना चिठ्ठीवर उत्तर लिहून देता येते. उत्तर चुकल्यास मात्र गुण वजा होतात.

बझर फेरीत वेगाला महत्त्व असते. सर्वप्रथम कळ दाबणाऱ्या संघाचा दिवा लागताच विद्युत्‌मंडलाची रचना अशी असते, की इतरांचे दिवे बंद राहतात. हात वर करण्याच्या वा घंटी वाजविण्याच्या जुन्या पद्धतीत होणारे वाद त्यामुळे टळतात. प्रश्न पूर्ण होण्याआधी कळ दाबणाऱ्यास उरलेला भाग ऐकविला जात नाही आणि उत्तर चुकल्यास गुण कापले जातात. म्हणून ज्ञानाबरोबर संयमाचीही कसोटी लागते. बरोबरी झाल्यास निर्णायक प्रश्न विचारतात.

बहुतेक स्पर्धांत ‘प्रश्नकर्त्याचा निर्णय अंतिम’ असा नियम असतो. कार्यक्रम वेळेत संपण्यासाठी तो सोयीचा असला, तरी त्याचे स्वरूप नागसेनाने सांगितलेल्या राजांच्या चर्चेसारखे आहे. त्यावर उपाय म्हणून प्रमाणभूत ग्रंथाचा आधार दाखवून आक्षेप घेण्याची मुभा, प्रश्नकर्त्याहून निराळा पंच आणि चूक सिद्ध झाल्यास प्रश्न रद्द करण्याची तरतूद या गोष्टी सुव्यवस्थित स्पर्धांत आढळतात. प्रश्नकर्त्याने आपली चूक जाहीरपणे मान्य केल्यास त्याचा अधिकार कमी होत नाही, उलट स्पर्धेची प्रतिष्ठा वाढते.

प्रश्नरचना व भाषा : प्रश्नाचे उत्तर एकमेव, पडताळून पाहता येण्याजोगे व प्रश्नातूनच सूचित होणारे असावे, हे उत्तम प्रश्नाचे लक्षण मानतात. अजिंठ्याची लेणी इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस कोणत्या वर्षी पडली (१८१९), असा प्रश्न केवळ स्मरणाची परीक्षा घेतो. याउलट, ‘औरंगाबादेतील एका महाविद्यालयास राजाचे व त्याच्या परिसरास भिक्षूचे नाव आहे, या दोघांचा संवाद कोणत्या ग्रंथात आला आहे?’ या प्रश्नात माहितीचे दोन धागे जुळविण्यास वाव मिळतो. ज्यास उत्तर ठाऊक नाही, तोही परिचित गोष्टींवरून तेथपर्यंत पोहोचू शकतो; आणि ज्यास ते येत नाही, त्यास ते ऐकून काही मिळाल्याचे समाधान लाभते.

कालनिर्देशाचे महत्त्वही येथे लक्षात घेतले पाहिजे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे वसविलेले शहर पुढे फतेहनगर, नंतर औरंगाबाद व २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर या नावांनी ओळखले गेले. मराठवाड्यात १९४८ मध्ये औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे होते; जालना (१९८१), लातूर (१९८२) व हिंगोली (१९९९) या जिल्ह्यांच्या निर्मितीनंतर ती संख्या आठ झाली. म्हणून वर्षाचा उल्लेख नसलेला प्रश्न अशा बाबतीत सदोष ठरतो आणि जुन्या पुस्तकावरून अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यावर अन्याय होतो.

भाषेचा प्रश्न याहून मूलभूत आहे. इंग्रजीत तयार केलेल्या प्रश्नाचे केवळ शब्दशः भाषांतर केल्यास त्यातील संदर्भ परकेच राहतात. मराठीतून स्वतंत्र प्रश्न काढावयाचे, तर मराठीत प्रमाणभूत संदर्भग्रंथ हवेत. या दृष्टीने श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, महादेवशास्त्री जोशी यांनी संपादिलेला भारतीय संस्कृतिकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला मराठी विश्वकोश यांनी मोठी उणीव भरून काढली. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या ‘बालभारती’ या पाठ्यपुस्तक मंडळामुळे राज्यभरातील विद्यार्थ्यांना समान पाठ्यपुस्तके मिळाली व शालेय प्रश्नमंजूषेसाठी सर्वांच्या परिचयाचा एक सामायिक पाया निर्माण झाला. भेंड्यांत व कलगी-तुऱ्यात जो पाया मुखोद्गत काव्याने पुरविला होता, तोच आता छापील साधनांनी पुरविला, असे म्हणता येईल.

मूल्यमापन व सद्यःस्थिती : प्रश्नमंजूषेवर मुख्य आक्षेप असा, की ती सुट्या माहितीला ज्ञानाचा दर्जा देते. लोकसेवा आयोगाच्या व इतर स्पर्धा परीक्षांच्या तयारीमुळे ‘सामान्य ज्ञान’ हा पाठांतराचा विषय झाल्याने या आक्षेपास बळ मिळाले आहे. तो अंशतः खरा आहे. तथापि तो स्पर्धेपेक्षा निकृष्ट प्रश्नांना अधिक लागू पडतो. भ्रमणध्वनीवर कोणतीही माहिती क्षणात मिळू लागल्यानंतर नुसत्या स्मरणाचे मोल घटले आणि संबंध जोडून उत्तर काढावयाच्या प्रश्नांचे महत्त्व वाढले. कोविड-१९ च्या साथीत, २०२० नंतर, ऑनलाइन स्पर्धांचा प्रसार झाला. भारतीय रिझर्व्ह बँकेने आपल्या नव्वदीनिमित्त २०२४ मध्ये पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी दोघांच्या संघांची देशव्यापी स्पर्धा घेतली. तिचा पहिला टप्पा ऑनलाइन होता. प्रवासखर्च व अंतर ही ग्रामीण महाविद्यालयांपुढील अडचण अशा पद्धतीने कमी होते. मात्र तिची जागा साधनांच्या उपलब्धतेचा व भाषेचा प्रश्न घेतो.

संघभावना हा या स्पर्धेचा सर्वांत टिकाऊ लाभ होय. विज्ञान, साहित्य व इतिहास या शाखांचे विद्यार्थी एका संघात बसतात, तेव्हा एकाचे अज्ञान दुसऱ्याच्या ज्ञानाने भरून निघते आणि आपल्या उत्तराविषयी खात्री नसताना सहकाऱ्याचे ऐकण्याची सवय लागते. ही सवय कोणत्याही पारितोषिकापेक्षा मोलाची आहे. ज्या प्रदेशात शिक्षणाची भाषा एका शतकात अनेकदा बदलली आणि ज्ञानाच्या सभेत बसण्याचा अधिकार दीर्घकाळ मोजक्यांपुरता राहिला, तेथे तालुक्याच्या महाविद्यालयातील तीन विद्यार्थ्यांनी श्रोत्यांसमक्ष बसून आपल्या भाषेत उत्तर देणे व प्रसंगी प्रश्नकर्त्याच्या निर्णयावर साधार आक्षेप घेणे, ही गोष्ट स्पर्धेच्या निकालाहून अधिक महत्त्वाची ठरते.